डावा हात, ताटाची डावी बाजू आणि तीन महिन्यांची मुदत

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६३ वर्षांचे, एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले, उजव्या हाताने कामे करणारे. अकरा आठवड्यांपूर्वी मेंदूच्या उजव्या भागातील रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि शरीराची डावी बाजू लुळी पडली. आता ते काठी घेऊन, कोणी सोबत असेल तर, घरातल्या घरात चालतात; डावा हात मात्र लोंबतो आणि त्याची मूठ हळूहळू वळू लागली आहे. रोज एक जण घरी येऊन अर्धा तास करंटचे मशीन लावतो, दोन वेळा तेलाने मालिश होते, उरलेल्या वेळात वडील रबरी चेंडू दाबत बसतात. शेजारी म्हणतात, तीन महिन्यांत जे परत येते तेवढेच येते. आत्याबाईंचा आग्रह आहे की अंगावरून वारे गेलेल्यांना औषध देणाऱ्या एका गावी त्यांना न्यावे. वडील चिडचिडे झाले आहेत, मध्येच रडतात, ताटात अन्न टाकतात. मुलीने विचारले आहे की आता नेमके काय करावे, आणि पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे, तिथे त्यांना न्यावे का.

मी गेली २६ वर्षे मिरज-सांगली भागात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक काळ अर्धांगवायूच्या रुग्णांबरोबर गेला आहे. वडिलांना मी तपासलेले नाही, त्यामुळे औषधांचे निर्णय तुमच्या डॉक्टरांकडेच राहू देत. पण तुमच्या पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलेले एक वाक्य माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून हाताच्या आधी त्याविषयी लिहिते. तुम्ही लिहिता की आईच्या मते त्यांच्या तोंडाची चव गेली आहे, कारण भाजी आणि आमटी ते संपवतात, पण चटणी, कोशिंबीर, लिंबू यांना हात लावत नाहीत.

चटणी, कोशिंबीर, मीठ आणि लिंबू आपल्याकडे ताटाच्या डाव्या बाजूला वाढतात. आज रात्री जेवताना, त्यांनी हात थांबवल्यावर, काही न बोलता ताट अर्धे फिरवा. आता उजवीकडे आलेली कोशिंबीर त्यांनी खायला सुरुवात केली, तर चवीचा काही प्रश्न नाही. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काही रुग्णांचे डाव्या बाजूच्या जगाकडे लक्षच जात नाही. डोळे शाबूत असतात, नजर पोहोचते, पण ‘तिकडेही काही आहे’ ही जाणीव होत नाही. असे रुग्ण दाढी करताना डावा गाल सोडून देतात, दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटतात, डावीकडून हाक मारली तर उजवीकडे बघतात. घरचे याला हट्ट, विसराळूपणा किंवा वय म्हणतात, आणि तिथून भांडणे सुरू होतात. अनेकदा याच रुग्णांना आपली बाजू किती दुबळी आहे याची पुरती कल्पना नसते, म्हणून ते कोणाला न सांगता उठतात आणि पडतात. मुद्दाम न ऐकण्याचा त्यात भाग नसतो.

ताट फिरवून जेवण पूर्ण होईल, पण ते रोज फिरवू नका, कारण मग डावीकडे बघण्याची गरजच संपते. त्याऐवजी ताटाच्या डाव्या कडेला लाल रंगाचा जाड दोरा किंवा रुमाल ठेवा आणि जेवताना ‘आधी लाल रुमाल शोधा, मग तिथून उजवीकडे या’ एवढेच सांगा. वर्तमानपत्र वाचताना डाव्या समासात तीच खूण ठेवा. गप्पा मारायला त्यांच्या डावीकडे बसा, टीव्ही थोडा डावीकडे सरकवा. मात्र पाण्याचा तांब्या, घंटी आणि काठी या अडीअडचणीच्या वस्तू उजवीकडेच राहू द्या. याने दुर्लक्ष हमखास जाते असे मी म्हणणार नाही. पुष्कळांमध्ये ते काळाबरोबर कमी होते, काहींमध्ये थोडे राहते. जेवण झाल्यावर त्यांच्या डाव्या गालात घास उरला आहे का तेही पाहा. चहा किंवा पाणी पिताना ठसका लागत असेल, पिऊन झाल्यावर आवाज ओलसर येत असेल, तर गिळण्याची तपासणी करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका; मऊ भातापेक्षा पातळ पाणी श्वासनलिकेत लवकर शिरते. आणि दुचाकी चालवण्याचा विषय निघाला तर तूर्त ठाम नकार द्या.

आता तीन महिन्यांविषयी. ही मुदत शेजाऱ्यांनी मनाने काढलेली नाही. १९९०च्या दशकात डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे सुमारे १२०० रुग्णांचा बारकाईने पाठपुरावा झाला, आणि त्यात असे आढळले की ९५ टक्के रुग्ण आपल्या दैनंदिन कामांतील सर्वोत्तम पातळीवर साडेबारा आठवड्यांच्या आत पोहोचले होते. तो निष्कर्ष खरा आहे, त्यातून काढलेला अर्थ मात्र चुकीचा आहे. तिथे जी मोजपट्टी वापरली होती ती माणूस स्वतः जेवतो का, कपडे घालतो का, संडासला जातो का, एवढेच विचारते. एका हाताने सदरा चढवायला शिकलेल्या माणसालाही तिथे पूर्ण गुण मिळतात, दुसऱ्या हाताचे काय झाले हे ती विचारत नाही. आणि बहुतेक ठिकाणी नेटाने चाललेले उपचारही त्याच सुमारास थांबतात. पंप बंद केल्यावर विहिरीचे पाणी वर येत नाही, तसे हे आहे. लंडनमधील क्वीन स्क्वेअर येथे हातासाठी एक सघन कार्यक्रम चालतो: तीन आठवडे, एकूण ९० तास. २०१९ मध्ये त्यांनी २२४ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातील निम्म्या रुग्णांना अर्धांगवायूचा झटका येऊन दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता, तरीही हाताच्या कामात सुधारणा दिसली आणि ती सहा महिन्यांनंतरही टिकून होती.

तरीही पहिल्या तीन महिन्यांचे मोल मी कमी करणार नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत मेंदूवरची सूज उतरते, रक्तपुरवठा कमी झालेला पण न मेलेला भाग पुन्हा काम करू लागतो, आणि मेंदू नव्या जोडण्या करायला एरवीपेक्षा अधिक तयार असतो. त्या काळात काहीही केले तरी थोडे बरे वाटते, आणि म्हणूनच त्या काळात जे कोणी काही केलेले असते त्याला श्रेय मिळते. पुढे मिळणारी सुधारणा हळू असते, थोडी असते आणि ती कमवावी लागते. तुमच्या हातात एक आठवडा उरला आहे ही घबराट सोडा. पण येणारे तीन महिने गेल्या तीन महिन्यांसारखे घालवू नका.

कारण तुम्ही लिहिलेल्या दिनक्रमाकडे मी पाहते तेव्हा मला एक गोष्ट दिसते: मशीन, मालिश आणि औषध या सगळ्यांत वडिलांवर काहीतरी केले जाते आणि ते स्वतः पडून असतात. मेंदू शिकतो तो स्वतः प्रयत्न करताना. माणूस हात उचलायचा ठरवतो, चुकतो, किती चुकले ते पाहतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. या फेऱ्यातूनच जोडणी घट्ट होते. एडवर्ड टॉब या अमेरिकी शास्त्रज्ञाने माकडांवरील प्रयोगांतून दाखवले की एका हाताची संवेदना गेली की प्राणी तो वापरायचा सोडून देतो, आणि नंतर वापरण्याची क्षमता उरलेली असली तरी वापरत नाही; चांगला हात बांधून ठेवला की मात्र वापरायला लागतो. माणसातही तेच होते. सुरुवातीला हात हलत नाही म्हणून वापरत नाही, आणि पुढे वापरत नाही म्हणून हलत नाही.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत यात आणखी एक अडचण आहे, आणि ती परदेशी पुस्तकांत लिहिलेली सापडत नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्या मराठी पुरुषाचा डावा हात लुळा पडला, तर वरवर पाहता त्याचे फारसे अडत नाही. जेवण उजव्या हाताने, सही उजव्या हाताने, काठी उजव्या हातात. सदऱ्याची बटणे बायको लावून देते. डाव्या हाताला घरात कामच उरत नाही. उरते ते एकच, आणि त्याविषयी कोणी बोलत नाही: शौचाला जाऊन धुण्याचे काम आयुष्यभर डाव्या हाताने केलेले असते, आता ते उजव्या हाताने करावे लागते आणि त्याच हाताने जेवायचे असते. जेवण टाकणाऱ्या, अचानक चमचा मागू लागलेल्या कितीतरी पुरुषांच्या मनात हेच सलत असते, असा माझा अनुभव आहे. तुम्ही मुलगी आहात, तुम्हाला ते सांगणार नाहीत. मुलाने किंवा जावयाने एकट्यात विचारावे. कमोडच्या उजव्या बाजूला, त्यांचा हात पोहोचेल अशा उंचीवर, पाण्याचा फवारा बसवून घ्या आणि भिंतीला उभी दांडी लावा. प्लंबरचे एका दिवसाचे काम आहे, पण काही घरांत मी त्यानंतर जेवण सुधारलेले पाहिले आहे.

चेंडूविषयी स्पष्टच लिहिते. अर्धांगवायूत बोटे मिटणे लवकर येते, उघडणे उशिरा येते किंवा येतच नाही. तुमच्या वडिलांची मूठ आधीच वळू लागली असताना त्यांना दिवसभर चेंडू दाबायला लावणे म्हणजे जे आपोआप होत आहे त्याचाच सराव देणे. तो चेंडू नातवाला देऊन टाका. मालिश हलक्या हाताने दहा मिनिटे करायला हरकत नाही, त्वचेला स्पर्श मिळतो, माणसाला बरे वाटते. तिची गणना व्यायामात करू नका एवढेच. मात्र गरम पाण्याची पिशवी, शेकलेला वाळूचा गाठोडा, तापवलेली वीट यांपैकी काहीही त्या बाजूला लावू नका. संवेदना कमी असते, चटका बसलेला कळत नाही, आणि असे भाजलेले तळहात मी दरवर्षी पाहते. करंटचे मशीन अगदी टाकाऊ नाही. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूवर ते लावून, करंट येईल त्याच क्षणी वडिलांनी स्वतःही मनगट उचलण्याचा आणि पेला सोडण्याचा प्रयत्न केला, तर त्याचा उपयोग होतो. मशीन लावून मोबाइल पाहत बसलेल्या रुग्णाला आणि मोबाइल पाहत बसलेल्या थेरपिस्टला त्याचा उपयोग होत नाही.

हाताकडून काय अपेक्षा ठेवायची हे ठरवण्यासाठी घरीच एक गोष्ट पाहा. वडिलांना खुर्चीत नीट बसवा, डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत टेबलावर पालथा ठेवा, पंजा टेबलाच्या कडेबाहेर लोंबू द्या. घाई न करता सांगा, ‘पंजा वर उचला.’ मग, ‘बोटे सरळ करा.’ खांदा उचलून किंवा अंग मागे झुकवून ते हात ओढतील, त्याकडे लक्ष देऊ नका. फक्त मनगट आणि बोटे पाहा. घड्याळातल्या मिनिटकाट्याच्या एक-दोन मिनिटांइतकी हालचाल झाली तरी ती मोलाची आहे. तीन वेळा करून घ्या आणि मोबाइलवर बाजूने चित्रीकरण करून ठेवा, कारण दोन महिन्यांनी आठवणीवर विसंबता येत नाही. आम्ही पहिल्या तीन दिवसांतही हेच पाहतो: ज्यांना बोटे थोडी उघडता येतात आणि दंड अंगापासून बाजूला नेता येतो, त्यांतील ९८ टक्क्यांच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कौशल्य परतलेले एका डच अभ्यासात दिसले, ज्यांना दोन्ही जमत नव्हते त्यांच्यात ते प्रमाण २५ टक्के होते. अकराव्या आठवड्यात हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण बोटे उघडण्याला किती महत्त्व आहे ते त्यावरून कळेल.

मनगट आणि बोटे थोडी जरी उचलली गेली, तर तुमच्या थेरपिस्टशी चांगला हात बांधून ठेवण्याच्या पद्धतीविषयी बोला. टॉब यांच्याच कामातून ती निघाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात झटक्यानंतर तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांपैकी निम्म्यांनी दोन आठवडे, जागेपणाचा बहुतेक वेळ, चांगल्या हातावर जाड मोजा चढवून ठेवला आणि रोज काही तास दुबळ्या हाताने कामे केली. त्यांचा हात इतरांपेक्षा सुधारला आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकला. घरी याची सौम्य आवृत्ती करता येते: सकाळी दोन तास, बसून, उजव्या हातावर जाड मोजा. चालताना, जिन्यावर, संडासात आणि गरम वस्तूंजवळ मोजा काढलाच पाहिजे, कारण तुमच्या वडिलांचा तोल त्याच हातातल्या काठीवर आहे.

सराव किती, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. अमेरिका आणि कॅनडात केलेल्या एका पाहणीत एका बैठकीत रुग्णाच्या हाताकडून कामाच्या सरासरी ३२ हालचाली करून घेतल्या जात असल्याचे दिसले, आणि प्राण्यांवरील ज्या प्रयोगांमुळे आपण मेंदू बदलतो असे म्हणतो त्यांत रोज ४०० ते ६०० हालचाली होत्या. मी माझ्या रुग्णांना आकडा लक्षात ठेवायला सांगत नाही. मी जपमाळ द्यायला सांगते. उजव्या हातात माळ, डाव्या हाताने एक हालचाल झाली की एक मणी पुढे. सकाळी एक माळ, दुपारी एक, संध्याकाळी एक, म्हणजे ३२४ झाल्या. एसटीत तिकिटांचा हिशेब ठेवलेल्या माणसाला हे आवडेल असे मला वाटते.

हालचाली कोणत्या? ज्यांना घरात अर्थ आहे त्या. टेबलावर टॉवेल पसरून त्यावर डावा पंजा ठेवून पुढे ढकलणे आणि मागे आणणे. आधी उजव्या हाताने डाव्याला मदत करत, मग मदत कमी करत. रिकामा प्लास्टिकचा पेला पकडणे सोपे असते, सोडणे अवघड. म्हणून पेला हाताशी उभा करून बोटे उघडून त्याभोवती नेणे आणि पुन्हा उघडून बाजूला येणे, यालाच एक मणी. उजव्या हाताने भाकरी मोडताना डाव्या हाताने ताट धरून ठेवणे. वर्तमानपत्राचे पान डाव्या पंजाखाली दाबून उजव्याने उलटणे. हालचाल वाढली की भुईमुगाच्या शेंगा फोडणे, वाटाणे सोलणे, लेंग्याची नाडी बांधणे. यांत दोन्ही हातांना आपापले काम असते आणि आईच्या शेजारी बसून होते. आरशाचा व्यायामही करून पाहा: मध्यम आकाराचा आरसा छातीसमोर उभा, त्यामागे डावा हात झाकलेला, समोर उजवा, उजवा हात हलवताना आरशात डावा हलल्यासारखा दिसतो आणि त्याच वेळी डावाही हलवण्याचा प्रयत्न करायचा. रोज अर्धा तास. त्याच्या बाजूने पुरेसा पुरावा आहे आणि खर्च आरशाचा. मात्र डाव्या बाजूकडे लक्ष जात नसेल तर सुरुवातीला शेजारी कोणी बसून आठवण करून द्यावी लागेल.

आणि टेबलाच्या कडेला काहीच हलले नाही तर? तर मी खोटी आशा देणार नाही. सुईत दोरा ओवणारा हात परत येण्याची शक्यता मग कमी आहे. पण तो हात मऊ, स्वच्छ, न दुखणारा आणि कागद दाबून धरणारा राहू शकतो, आणि त्यासाठीही काम आहे. दिवसातून दोन-तीनदा बोटे आणि मनगट सावकाश सरळ करून ठेवणे, तळवा धुऊन कोरडा करणे, नखे कापणे. ताठरपणा वाढून मूठ उघडेनाशी झाली, तळव्याला वास येऊ लागला, तर गोळ्यांपलीकडे ताठर स्नायू सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शने असतात. त्यांचा परिणाम साधारण तीन महिने राहतो आणि त्या काळात व्यायाम केला तरच पैसे वसूल होतात.

खांद्याविषयी स्वतःची चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मी प्रत्येक रुग्णाच्या घरी दारावर कप्पी टांगून द्यायची. चांगल्या हाताने दोरी ओढायची आणि दुबळा हात वर जायचा. रुग्णांना ती फार आवडे. त्यांतल्या एका निवृत्त शिक्षकांचा खांदा दीड महिन्यात इतका दुखू लागला की ते रात्री बसून झोपत, आणि हात सुजला. कप्पी हात वर खेचते, पण पाठीवरचे खांद्याचे पाते त्याच्याबरोबर फिरत नाही, आणि मधल्या ऊती चिरडल्या जातात, हे मला तेव्हा कोणी शिकवले नव्हते असे म्हणून सुटका करून घेता येईल. पण रुग्ण दुखते म्हणत होता आणि मी ‘थोडे दुखणारच’ म्हणत होते. तुमच्या घरी कप्पी असेल तर काढा. वडिलांना उठवताना डाव्या हाताला धरून कधीही ओढू नका. कमरेला रुंद पट्टा बांधून त्याला धरा आणि त्यांच्या डाव्या बाजूने चाला. बसलेले असताना डावा हात उशीवर, मांडीवरून खाली लोंबता कामा नये. सदरा घालताना डावी बाही आधी, काढताना शेवटी.

पायाचे चांगले चालले आहे, म्हणून थोडक्यात. पंजा घासत असेल तर घोट्याला आधार देणारा हलका प्लास्टिकचा स्प्लिंट आणि त्यावर मागून बंद असलेला बूट घ्या. चप्पल घरातही नको. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणे आणि बसणे, दहा-दहाच्या चार-पाच फेऱ्या, हा चालण्यासाठीचा सर्वांत स्वस्त व्यायाम आहे, फक्त खुर्ची भिंतीला टेकलेली हवी. जिना चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा आधी.

आता घरी येणाऱ्या माणसाबद्दल. रोज अर्धा तास मशीन लावणाऱ्यापेक्षा आठवड्यातून दोनदा तासभर येऊन सराव ठरवून देणारा, चित्रीकरण पाहून तो बदलणारा थेरपिस्ट शोधा. बरेचदा खर्चही कमी येतो. शक्य असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला जरूर दाखवा. दैनंदिन कामांतून उपचार करणारी ही शाखा भारतात आणली ती कमलाबाई निंबकर यांनी. मूळच्या अमेरिकी असलेल्या या बाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिचे पहिले विद्यालय सुरू केले, आणि फलटणच्या शाळेमुळे त्यांचे नाव आपल्या भागात अनेकांना ठाऊक आहे. तरीही जिल्ह्याच्या गावी ऑक्युपेशनल थेरपिस्ट मिळणे आजही कठीण जाते. मुंबईला जाणे-येणे जमत असेल तर हाजी अली येथे केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. तिथे डॉक्टर, दोन्ही प्रकारचे थेरपिस्ट, वाचा-उपचार आणि स्प्लिंट बनवणारी कार्यशाळा एकाच आवारात मिळतात.

तुम्ही विचारले आहे की नोकरी सोडून तुम्हीच सगळे व्यायाम करून घ्यावेत का. सोडू नका. भारतातल्याच १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून पुनर्वसन करून घेतले. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांत नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक पडला नाही. माझ्या मते त्याचा अर्थ घरचे निरुपयोगी असा होत नाही. पण त्यांच्या खांद्यावर थेरपिस्टचे ओझे टाकून भागत नाही एवढे त्यातून दिसते. तुमचे खरे काम वेगळे आहे आणि अधिक अवघड आहे: जे त्यांना सावकाश का होईना जमते ते तुम्ही करून न देणे. सदऱ्याच्या पाच बटणांना वीस मिनिटे लागतात. आईला सांगा, ती वीस मिनिटे स्वयंपाकघरात जाऊन बसावे.

रडण्याचे दोन प्रकार असतात. टीव्हीवर कोणाचे लग्न लागले, नातवाने हाक मारली, एवढ्याने हुंदका फुटतो आणि मिनिटभरात ओसरतो. विचारले तर ‘दुःख असे काही नाही’ म्हणतात. भावना आवरणाऱ्या मेंदूच्या जोडण्यांना धक्का बसल्याने हे होते, आणि त्या वेळी विषय बदलणे हाच उत्तम उपाय असतो. दुसरा प्रकार म्हणजे नैराश्य: झोप उडणे, कशातच रस नसणे, व्यायामाला सरळ नकार. झटक्यानंतर साधारण तीन रुग्णांपैकी एकाला ते कधी ना कधी गाठते आणि त्यावर औषध आहे; डॉक्टरांना विचारा, लाजू नका. पण हात लवकर यावा म्हणून कोणी त्याच गोळ्या देत असेल तर प्रश्न विचारा. ब्रिटनमध्ये ३१२७ रुग्णांवर फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीचा अभ्यास झाला, २०१८ मध्ये निष्कर्ष आले: नैराश्य कमी आढळले, हातापायांच्या कामात फरक नाही, हाडे मोडण्याचे प्रमाण मात्र वाढले. मेंदूला ताकद देणारी म्हणून सिटिकोलिनची महागडी औषधेही लिहून दिली जातात. सुमारे २३०० रुग्णांवरील अभ्यासात त्यांचा फायदा दिसला नाही. तो पैसा थेरपिस्टवर खर्च करा. यंत्रमानवाच्या सांगाड्यात हात घालून व्यायाम देणारी मोठी केंद्रे आता पुण्या-मुंबईत जाहिराती करतात; ७७० रुग्णांच्या ब्रिटिश अभ्यासात तसा सराव घेतलेल्यांचा हात कामाला नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक उपयोगी झाला नाही, हे घर गहाण ठेवण्यापूर्वी लक्षात असू द्या.

आत्याबाईंना दुखवून घरात वितुष्ट आणू नका. त्या गावी जाऊन समाधान मिळत असेल तर जा, पण तीन गोष्टी आधी पक्क्या ठरवा. रक्त पातळ ठेवणारी, रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी एक दिवसही बंद होणार नाही. पथ्य म्हणून या गोळ्या सोडल्याने दुसरा झटका आलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि दुसऱ्या झटक्यातून उठणे पहिल्यापेक्षा फार कठीण असते. चिठ्ठी नसलेली कोणतीही भुकटी पोटात जाणार नाही. आणि कबुतराचे रक्त चोळणे वगैरे प्रकार होणार नाहीत. रक्तदाब घरी मोजून वहीत लिहा. बहुतेकांना १३०/८० च्या खाली ठेवायचा असतो, तुमच्या डॉक्टरांकडून त्यांचा आकडा विचारून घ्या. पुन्हा तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले तर वेळ पाहून ठेवा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात थेट न्या. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते.

राहता राहिले लग्न. न्या. ते ‘लोक काय बघतील’ म्हणतील, तरी न्या. एक दिवस आधी कार्यालयात जाऊन पायऱ्या किती आहेत आणि कमोड आहे का ते बघून या. मागून बंद असलेले बूट राहू द्यात, लग्न आहे म्हणून कोल्हापुरी चप्पल नको. खुर्ची अशी लावा की त्यांच्या डावीकडे घरचे कोणी बसेल, आणि भेटायला येणाऱ्यांना उजवीकडून समोर येऊ द्या. जेवणाचे ताट हातात धरून उभ्याने खाण्याची पद्धत असेल तर त्यांच्यासाठी टेबल आधी सांगून ठेवा. अक्षता वाटल्या जातील तेव्हा त्या त्यांच्या उजव्या मुठीत देऊ नका. डावा हात मांडीवर उताणा ठेवा, बोटे हलकेच उघडा आणि अक्षता त्या तळव्यावर ठेवा. प्रत्येक मंगलाष्टकाला त्यांनी उजव्या हाताने तिथून चिमूट उचलावी. हात पालथा होऊन सांडल्या तर पुन्हा ठेवा. थोड्या जास्तीच्या अक्षता जवळ असू द्या.